नजरेत भरलेली चौदा कार्डे : १९५६चा ब्रुकलिन डॉजर्स संघ जमवताना

२० सप्टेंबर २०२४ रोजी, ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाच्या कार्डांच्या माझ्या यादीतले चौदावे आणि शेवटचे कार्ड टपालाने घरी आले. एप्रिल २०२३मध्ये सुरू केलेले हे काम पुरे व्हायला सतरा महिने लागले. जुनी बेसबॉल कार्डे जमवावीशी वाटतात, पण किमती ऐकून आणि त्यातली परिभाषा वाचून छाती दडपते, अशा वाचकांसाठी मी हा अनुभव घडला तसा क्रमाने लिहीत आहे. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत असे काही वाचायला मिळाले असते, तर माझ्या दोन-तीन चुका नक्की टळल्या असत्या.

आम्ही न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहतो. नेवार्क अव्हेन्यूवर भाजी आणि वाणसामान आणायला जाताना जर्नल स्क्वेअरला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचा पुतळा लागतो. दरवर्षी १५ एप्रिलला मुख्य लीगमधले सगळे खेळाडू त्याचा ४२ हा क्रमांक पाठीवर घालून मैदानात उतरतात, कारण १९४७मध्ये याच तारखेला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि मुख्य लीगमधली वर्णभेदाची भिंत पडायला सुरुवात झाली. २०२३च्या एप्रिलमध्ये, त्या आठवड्यात, मुलाला शाळेत रॉबिन्सनवर प्रकल्प करायचा होता. माहिती शोधताना कळले की, त्याच्याही आदल्या वर्षी, १८ एप्रिल १९४६ रोजी, माँट्रियल रॉयल्स या डॉजर्सच्या दुय्यम संघाकडून तो आपला पहिला सामना खेळला तो आमच्याच गावातल्या रूझवेल्ट स्टेडियमवर. त्या दिवशी त्याने चार हिट मारल्या, त्यातली एक होम रन होती. पुढे १९५६ आणि १९५७मध्ये डॉजर्सनी आपले काही घरचे सामनेही तिथे खेळले. १९८५मध्ये ते स्टेडियम पाडले गेले आणि आज तिथे घरे आहेत. आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्याच्या टोकाला एवढे काही घडले होते आणि त्याची खूण म्हणून हातात धरता येईल असे काहीच उरलेले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

कार्डांकडे वळले ती यामुळे. लहानपणी कोल्हापुरात आम्ही च्युइंगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवत असू. अमेरिकेत हाच प्रकार फार आधीपासून चालत आला होता आणि टॉप्स या कंपनीची कार्डेही च्युइंगमच्या पाकिटातूनच मुलांच्या हातात जात. ही मुलांची वस्तू असल्यामुळे ती खिशात कोंबली गेली, रबर लावून बांधली गेली, सायकलच्या चाकाला लावली गेली. म्हणूनच जी धडधाकट उरली ती आज महाग आहेत. टॉप्सच्या १९५२च्या संचातले मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. अशी बातमी वाचली की सामान्य माणसाला हा छंद आपला नव्हे असे वाटते. माझा अनुभव मात्र वेगळा आहे, आणि तो मधल्या प्रतीच्या कार्डांचा आहे.

एप्रिल-मे २०२३मध्ये मी एकही कार्ड विकत घेतले नाही. त्या सहा आठवड्यांत फक्त पाहिले, वाचले आणि वहीत नोंदी केल्या. सर्वांत आधी काय जमवायचे हे ठरवणे भाग होते. रॉबिन्सनचे टॉप्सचे १९५२चे कार्ड खराब अवस्थेतही हजारो डॉलरला जाते. १९५६चे कार्ड त्या मानाने आवाक्यात होते. ते त्याचे खेळाडू म्हणून टॉप्सने काढलेले शेवटचे कार्ड, कारण त्या हंगामानंतर तो निवृत्त झाला. शिवाय १९५६चा संच म्हणजे आदल्या वर्षी विश्वविजेत्या ठरलेल्या डॉजर्सची कार्डे. ब्रुकलिनमध्ये असताना त्या संघाने जिंकलेली ही एकमेव वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका. संचात ३४० कार्डे आहेत, पण मला सगळी नको होती. मी चौदांची यादी केली : प्रशिक्षक वॉल्टर ॲल्स्टन (८), रॉबिन्सन (३०), सँडी अमोरोस (४२), सँडी कूफॅक्स (७९), रॉय कॅम्पानेला (१०१), गिल हॉजेस (१४५), ड्यूक स्नायडर (१५०), संघाचे कार्ड (१६६), जॉनी पॉड्रेस (१७३), कार्ल फुरिलो (१९०), कार्ल अर्स्किन (२३३), डॉन न्यूकम (२३५), पी वी रीस (२६०) आणि जिम गिलियम (२८०). कंसातले आकडे कार्डांचे क्रमांक आहेत. नवख्याने अशी लहान आणि मर्यादित यादी करावी, असे मला मनापासून वाटते. नाहीतर पैसे दहा दिशांना जातात. सगळे मिळून बाराशे डॉलर खर्च करायचे असे मी आणि यजमानांनी ठरवले.

दुसरी गोष्ट समजून घ्यायची होती ती प्रतवारीची. पीएसए, एसजीसी यांसारख्या कंपन्या कार्ड तपासून त्याला १ ते १० मधला आकडा देतात आणि ते प्लास्टिकच्या बंद कवचात घालून परत पाठवतात. या कवचाला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. जुन्या कार्डांच्या बाबतीत ३ ते ५ ही मधली प्रत. हा आकडा बहुतेक वेळा कार्डातल्या सर्वांत वाईट दोषावर अडकतो, हे समजायला मला वेळ लागला. तो दोष कुठे आहे आणि डोळ्यांना तो किती खुपतो, हे आकडा सांगत नाही. एखाद्या कार्डाच्या पाठीवर केसाएवढी सुरकुती असेल, तर पुढची बाजू कितीही सुरेख असली तरी आकडा ३वर येऊ शकतो. उलट, पीएसएच्या नियमांत ५ प्रतीच्या कार्डातही चित्र ८५ला १५ इतके एका बाजूला सरकलेले चालते, म्हणजे एकीकडे रुंद पांढरा समास आणि दुसरीकडे नुसती रेघ. अशी दोन कार्डे शेजारी ठेवली तर ३ प्रतीचेच नजरेत भरते आणि ते स्वस्तही असते. मी पुढे केलेली सगळी खरेदी या एका गोष्टीवर उभी आहे.

किमतींसाठी मी एक नियम केला. विक्रेता मागतो ती किंमत लिहायची नाही, प्रत्यक्ष व्यवहार ज्या रकमेला झाला तीच लिहायची. विक्री झालेल्या वस्तूंची यादी संकेतस्थळांवर पाहता येते. वहीत प्रत्येक कार्डाला एक पान दिले आणि तारीख, प्रत, रक्कम यांच्या जोडीला ‘दिसते कसे’ असा एक रकाना ठेवला. सहा आठवड्यांनी हा शेवटचा रकानाच सर्वांत उपयोगी ठरला, कारण एकाच आकड्याच्या दोन कार्डांत तीस-चाळीस टक्क्यांचा फरक का पडतो, हे त्यातून कळू लागले.

३ जून २०२३, शनिवारी, मी पहिल्यांदा कार्डांच्या प्रदर्शनाला गेले. एका सभागृहात साठेक टेबले मांडलेली होती, प्रवेश पाच डॉलर, आणि आत जवळजवळ सगळे पुरुष. मनात धाकधूक होती. मी आधी दोन फेऱ्या नुसत्याच मारल्या. मग एका कोपऱ्यातल्या टेबलाशी थांबले, जिथे सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ वर्षानुसार लावलेल्या लांब खोक्यांमागे बसले होते. मी भिंग काढून अमोरोसच्या कार्डाचे कोपरे पाहू लागले, तेव्हा त्यांनी मला शांतपणे थांबवले आणि भिंग शेवटी काढावे असे सांगितले. त्यांची रीत अशी होती : आधी कार्ड हातभर लांब धरायचे आणि चेहऱ्याकडे पाहायचे, चेहरा स्वच्छ आणि रंग ताजे वाटले तर जवळ आणून चारही समास पाहायचे, मग ते दिव्याखाली तिरके धरून सावकाश फिरवायचे, म्हणजे सुरकुती असेल तर उजेडाची रेघ तिथे तुटते, मग पाठ, आणि सरतेशेवटी भिंग. दहा मिनिटे त्यांनी हे मला चार-पाच कार्डांवर करून दाखवले आणि माझ्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकाला तेवढा वेळ थांबवून ठेवले. त्यांचे ते सौजन्य मी विसरणार नाही.

अमोरोसचे ते कार्ड मी घेतले. १९५६ची कार्डे आडवी आहेत. एका बाजूला खेळाडूचा मोठा रंगवलेला चेहरा, मागे मैदानातला प्रसंग आणि वर छापील स्वाक्षरी. माझ्या कार्डाचे चारही कोपरे सारखेच गोलसर झालेले आहेत, पण निळी टोपी अजून गडद आहे आणि गालांवर ठिपक्यांची छपाई जराही सरकलेली नाही. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी, वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सातव्या सामन्यात, प्रतिस्पर्धी फलंदाज योगी बेराचा डाव्या कोपऱ्यात निसटू पाहणारा चेंडू धावत जाऊन पकडणारा हाच अमोरोस. आणि त्याच्या कार्डाचा क्रमांक ४२, म्हणजे रॉबिन्सनच्या पाठीवरचा आकडा. या योगायोगाने मला फार आनंद झाला. गिलियम आणि फुरिलो यांची कार्डेही त्याच टेबलावर मिळाली. तिन्हींचे मिळून अठ्ठेचाळीस डॉलर होत होते. एकत्र घेते म्हटल्यावर बेचाळीसला दिली. प्रदर्शनात रोख रक्कम न्यावी, सुट्या नोटा ठेवाव्यात आणि घासाघीस दोन-तीन कार्डे हातात घेतल्यावरच करावी, हे त्या दिवशी शिकले.

उन्हाळ्यात अर्स्किन, न्यूकम, पॉड्रेस आणि ॲल्स्टन ही चार कार्डे घरबसल्या, इंटरनेटवरून घेतली. कार्डांची किंमत सत्त्याऐंशी डॉलर झाली. मात्र त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर आणि दरवेळचे टपाल लागते, ते हिशेबात धरायला मी विसरले होते. तेव्हापासून कमाल रक्कम ठरवताना कर आणि टपाल आधी वजा करू लागले. आणखी एक, विक्रेत्याने फक्त पुढच्या बाजूचे छायाचित्र दिले असेल तर पाठीचे मागून घ्यावे. मागितल्यावर जो देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

सप्टेंबरमध्ये फसले. कॅम्पानेलाचे सुटे कार्ड, म्हणजे स्लॅबमध्ये नसलेले, अठ्ठावन्न डॉलरला घेतले. छायाचित्रात कोपरे कमालीचे टोकदार दिसत होते आणि मी त्यालाच भुलले. १२ सप्टेंबरला पाकीट उघडले तेव्हा पुढचा चकचकीतपणा पूर्ण गेलेला, पाठ मळकी, आणि कोपरे मात्र नवे कोरे. कार्ड वापरून जुने झालेले असेल तर कोपरेही झिजलेले असायला हवेत. मी ते अमोरोसच्या कार्डावर बरोबर जुळवून ठेवले, तर एका बाजूने खालचे कार्ड डोकावत होते. १९५६च्या कार्डाची मापे २ ५/८ गुणिले ३ ३/४ इंच, म्हणजे सुमारे ६६.७ गुणिले ९५.३ मिलिमीटर आहेत. हे कार्ड रुंदीला मिलिमीटरभर कमी भरले. भिंगातून पाहिले तेव्हा तीन कडा तपकिरी झालेल्या आणि एक पांढरीशुभ्र दिसली. कोणीतरी झिजलेली कड पात्याने कापून काढली होती. अशा कापलेल्या कार्डाला प्रतवारी कंपन्या आकडा देत नाहीत.

मला त्या रात्री झोप लागली नाही. रक्कम फार मोठी नव्हती, पण फसवले गेल्याची भावना फार बोचते. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर ‘वस्तू वर्णनाशी जुळत नाही’ या कारणाखाली तक्रार नोंदवली. सोबत तीन छायाचित्रे जोडली : पट्टीसह कार्ड, दोन्ही कार्डे एकावर एक, आणि कडेचे जवळून घेतलेले. विक्रेत्याने उत्तर दिले की त्या काळी कारखान्यातच कार्डे कमी-जास्त कापली जात. ते खरे आहे, थोडा फरक असतो. पण कारखान्यात कापलेल्या कडेला सत्तर वर्षांनी इतका शुभ्र रंग राहत नाही, एवढेच मी लिहिले आणि पुढे वाद घातला नाही. २४ तारखेला निकाल माझ्या बाजूने लागला, परतीच्या टपालाची चिठ्ठी आली आणि २ ऑक्टोबरला पैसे खात्यात जमा झाले. असे झाले तर सगळा पत्रव्यवहार संकेतस्थळाच्या आतच ठेवावा, मुदत तपासावी आणि पाकीट उघडतानाच छायाचित्रे काढावीत. पुढे नोव्हेंबरमध्ये मला कॅम्पानेलाचे दुसरे कार्ड बहात्तर डॉलरला मिळाले. त्याचे कोपरे बोथट आहेत, आणि तो त्यात हसतो आहे.

नोव्हेंबरच्या प्रदर्शनात हॉजेस, स्नायडर आणि रीस मिळाले. या तिघांचे मिळून एकशे पंच्याऐंशी डॉलर झाले. संघाचे कार्ड चाळीसला मिळाले.

आता दोन मोठी कार्डे उरली होती. जानेवारी २०२४मध्ये त्याच वयोवृद्ध गृहस्थांकडून कूफॅक्सचे कार्ड दीडशे डॉलरला घेतले. कूफॅक्सचे पहिले कार्ड १९५५चे, हे दुसऱ्या वर्षाचे, म्हणून फार कमी किमतीला मिळते. चित्र बरोबर मध्यभागी, समास पांढरेशुभ्र, आणि तो विशीतला कोवळा चेहरा. याची प्रतवारी करून घ्यावी असे मला वाटले. सोबत स्नायडरही पाठवावा असे ठरवले.

या प्रक्रियेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला तिची सर्वांत जास्त धास्ती होती. कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडून अर्ज भरावा लागतो. त्यात वर्ष, कंपनी, क्रमांक, खेळाडूचे नाव आणि आपण मानलेली किंमत लिहायची असते. शुल्काचा वर्ग या किमतीवर ठरतो आणि परतीचा विमाही तिच्यावरच, त्यामुळे ती फुगवूही नये आणि फार कमीही लिहू नये. कार्ड आधी पातळ पारदर्शक स्लीव्हमध्ये घालायचे आणि मग अर्धवट लवचिक, मोठ्या आकाराच्या खोळीत. टॉपलोडर म्हणतात त्या कडक प्लास्टिकच्या खोळीत घालू नये, कारण त्यातून काढताना कोपरा लागतो. ती खोळ पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये धरून रंगकामाची निळी चिकटपट्टी लावायची. साधी चिकटपट्टी सुटता सुटत नाही. अर्जाची प्रत खोक्यात, एक प्रत आपल्याकडे. दोन कार्डांचे शुल्क पन्नास डॉलर, परतीचे टपाल बावीस, जाण्याचे चौदा. ५ फेब्रुवारीला खोके टाकले. ८ला ते पोहोचल्याचे कळले आणि मग दोन महिने संकेतस्थळावर ‘प्रक्रियेत’ एवढाच शब्द दिसत राहिला.

९ एप्रिलला निकाल आला. स्नायडर ४, माझ्या अपेक्षेप्रमाणे. कूफॅक्सला मी ४ धरला होता, आला २.५. मी दिवसभर खिन्न होते. १६ तारखेला कार्ड घरी आले, तेव्हा रात्री दिव्याखाली स्लॅब तिरका धरून पाहिला. पाठीवरच्या व्यंगचित्रांच्या तीन चौकटींपैकी मधल्या चौकटीतून एक बारीक सुरकुती गेली होती. ती शाई फोडून बाहेर आलेली नव्हती, म्हणून साध्या उजेडात मला दिसली नाही. मी पुढची बाजू तिरकी धरून तपासली होती, पाठ नाही. चूक माझीच होती. मग कार्ड पालथे केले आणि पुढून पाहिले. जानेवारीत मला आवडलेला चेहरा होता तसाच होता. दहा लोकांना हे कार्ड आकडा झाकून दाखवले, तर दहाही जण याला ५ देतील असे मला आजही वाटते, आणि हेच कार्ड मी पुन्हा दीडशेला घेईन. मात्र प्रतवारीसाठी पाठवण्याबाबत माझे मत बदलले. विकायचे नसेल, खरेपणाबद्दल शंका नसेल आणि कार्ड दीडशे-दोनशे डॉलरच्या आतले असेल, तर तो खर्च दुसऱ्या कार्डावर करावा. स्नायडरच्या बाबतीत तो खर्च वायाच गेला.

रॉबिन्सनसाठी मी उलटा मार्ग घेतला आणि स्लॅबमधलेच कार्ड शोधले, कारण त्याच्या नकला आणि कापलेली कार्डे बाजारात येत असतात. वहीत अटी लिहिल्या : चेहऱ्यावर घडी नको, डाव्या-उजव्या समासांत फार फरक नको, रंग उडालेला नको. कोपरे गोल असले तरी चालतील, पाठीवर डाग असला तरी चालेल. लिलावाच्या आदल्या रात्री कमाल आकडा कागदावर लिहून मी तो फ्रीजवर लावत असे, म्हणजे शेवटच्या मिनिटाला हात सैल सुटत नाही. मे महिन्यात पहिले कार्ड ४५५ला गेले. जुलैमध्ये दुसरे ४३०ला गेले. माझा आकडा ४०० होता. दोन्ही वेळा वाईट वाटले, पण वहीतल्या नोंदींवर माझा भरवसा होता.

सप्टेंबरमध्ये ३ प्रतीचे एक कार्ड लिलावाला आले. पाठीवर कडेला फिकट तपकिरी डाग, कोपरे चारही बाजूंनी सारखे गोल. पुढची बाजू मी स्क्रीनवर हातभर अंतरावरून पाहिली आणि तेवढ्यातच निर्णय झाला. ३८० डॉलरला ते मला मिळाले. कर २५ डॉलर आणि टपाल ९. कार्डे ९५६ डॉलरची, आणि कर, टपाल, प्रतवारी, भिंग, खोळी, प्रदर्शनांचे प्रवेश मिळून वरचे दोनशेच्या आसपास, असा एकूण खर्च सुमारे ११६० डॉलर झाला.

ठेवण्याबद्दल एक सांगायचे राहिले. १९५७पासून टॉप्सने कार्डाचा आकार लहान केला, त्यामुळे बाजारात सहज मिळणारी नऊ कप्प्यांची पाने या कार्डांना लहान पडतात आणि कड दुमडते. आठ कप्प्यांची पाने मागून घ्यावीत. अल्बम तळघरात ठेवू नये, तिथे ओल असते. आणि भिंतीवर उन्हात तर मुळीच लावू नये. माझी अकरा कार्डे क्रमाने अल्बममध्ये आहेत. स्लॅबमधली तीन कप्प्यांत मावत नाहीत, म्हणून मुलाने त्या तीन जागी कागदाचे तुकडे घातले आहेत आणि त्यांवर पेन्सिलीने ३०, ७९ आणि १५० असे आकडे लिहिले आहेत. रॉबिन्सन आला त्या संध्याकाळी त्याने स्लॅब हातात घेतला, पाठीवरची व्यंगचित्रे एकेक करून मोठ्याने वाचली आणि तपकिरी डागावर बोट ठेवून, हा चहाचा असेल की च्युइंगमचा, असे मला विचारले.